अपॉप्टोसिस: शब्दाचा अर्थ, उगम आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपॉप्टोसिस म्हणजे नेमके काय?

बहुपेशीय प्राण्याच्या शरीरातील एखादी पेशी स्वतःच्याच यंत्रणेने, ठरावीक टप्प्यांनी आणि शेजारच्या पेशींना इजा न करता स्वतःला मोडीत काढते, त्या मृत्युप्रकाराला अपॉप्टोसिस म्हणतात. पेशी आकसते, तिच्या केंद्रकातील द्रव्य घट्ट होऊन गोळा होते, पेशीचे पटलात गुंडाळलेले लहान लहान तुकडे होतात आणि ते तुकडे शेजारच्या पेशी किंवा खास भक्षकपेशी गिळून पचवून टाकतात.

आजच्या पाठ्यपुस्तकांतील व्याख्येत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात. मरणारी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते ही एक, आणि तिच्या आत कोणती जनुके व प्रथिने हे काम करतात ही दुसरी. १९७२ साली हा शब्द रूढ करण्यात आला तेव्हा पहिलीच गोष्ट ठाऊक होती. दुसरी नंतरच्या सुमारे पंचवीस वर्षांत हळूहळू उलगडली. शब्दाविषयी होणारे बहुतेक गोंधळ हा क्रम लक्षात न घेतल्यामुळे होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा शब्द कोणत्या भाषेतला आणि त्याचा मूळ अर्थ काय?

शब्द प्राचीन ग्रीक आहे. ‘अपो’ म्हणजे पासून, दूर; ‘प्तोसिस’ म्हणजे पडणे. झाडावरून पान किंवा फुलावरून पाकळी गळून पडणे, असा त्याचा अर्थ १९७२च्या मूळ लेखात दिलेला आहे. मराठी वाचकाला हा शब्द वाटतो तितका परका नाही. ग्रीकमधील ‘अपो’ आणि संस्कृतातील ‘अप’ हा उपसर्ग एकाच भारोपीय मुळाचे आहेत, तसेच ‘प्तोसिस’मधील पडण्याचा धातू आणि आपला ‘पत्’ हा धातूही. ‘पतन’ त्याच घरातला शब्द, आणि रोजच्या बोलण्यातले ‘पडणे’सुद्धा प्राकृतातून त्याच धातूपर्यंत जाऊन पोहोचते.

वैद्यकाला हा शब्द १९७२ पूर्वी अगदीच अपरिचित होता असेही नाही. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत तो हाडे सुटून पडण्याच्या संदर्भात येतो आणि रोमन काळातील ग्रीक वैद्य गॅलेनने जखमेवरची खपली गळून पडण्यासाठी तो वापरला आहे. मात्र या जुन्या वापरात पेशीचा प्रश्नच येत नाही, कारण पेशी नावाची वस्तूच त्या काळी कोणाला माहीत नव्हती. त्यामुळे अपॉप्टोसिसची कल्पना हिपॉक्रेटिसच्या काळापासून चालत आली आहे, असे जे कधी कधी लिहिले जाते ते दिशाभूल करणारे आहे. जुना आहे तो शब्द, कल्पना नव्हे.

पेशीजीवशास्त्रात हा शब्द कोणी आणि कसा आणला?

या प्रश्नाचे उत्तर लंडन, ब्रिस्बेन आणि ॲबरडीन अशा तीन शहरांत विभागलेले आहे.

जॉन कर हे ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते. उंदराच्या यकृताच्या काही खंडांकडे रक्त नेणाऱ्या प्रवेशिका शिरेच्या शाखा बांधून टाकल्या तर ते खंड पुढच्या काही आठवड्यांत आक्रसत जातात. ते का आक्रसतात हे त्यांना शोधायचे होते. सुरुवातीला यकृतात ठिकठिकाणी पेशींचे पुंजकेच्या पुंजके एकदम मरत, आणि हा प्रकार विकृतिशास्त्राला नेक्रोसिस या नावाने चांगला परिचित होता. परंतु हे पुंजके साफ झाल्यानंतरही जे ऊतक जिवंत राहिले होते त्यात एखाददुसरी पेशी, इकडे एक तिकडे एक अशी, गोल आणि लहान होऊन नाहीशी होत राहिली. त्या गोल गोळ्यांमध्ये अनेकदा केंद्रकद्रव्याचा एखादा घट्ट ठिपका दिसे. आजूबाजूला दाह नसे.

कर यांनी लयकारिका रंगवून पाहिल्या. लयकारिका म्हणजे पेशीतील पाचक विकरांच्या (एन्झाइमांच्या) पिशव्या. नेक्रोसिस झालेल्या पेशींत त्या फुटून विकरे पसरलेली दिसली, तर या गोल गोळ्यांमध्ये त्या शाबूत असल्यासारख्या दिसल्या. मरणाऱ्या पेशीचे अवयव शाबूत असावेत, ही त्या काळच्या समजुतीला धक्का देणारी बाब होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, असे गोळे अगदी थोड्या संख्येने का होईना, शिरा न बांधलेल्या निरोगी उंदरांच्या यकृतातही सापडले. म्हणजे हा प्रकार केवळ इजेचा परिणाम नव्हता.

१९६५ साली ते ब्रिस्बेनला परतले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हेच गोळे तपासू लागले. १९७१ साली त्यांनी या प्रकाराला ‘श्रिंकेज नेक्रोसिस’, म्हणजे आकसण्याचा नेक्रोसिस, असे नाव दिले. याच सुमारास स्कॉटलंडमधील ॲबरडीन विद्यापीठातील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक ॲलिस्टर करी ब्रिस्बेनला येऊन गेले. त्यांच्या विभागात अँड्र्यू वायली आणि ॲलिसन क्रॉफर्ड उंदरांच्या अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींचा अभ्यास करत होते आणि पियुषिका ग्रंथीकडून येणारे उत्तेजक संप्रेरक कमी झाले की त्या ग्रंथींच्या बाह्यकातील पेशी अगदी अशाच तऱ्हेने मरतात, हे त्यांना दिसले होते. संप्रेरक बाहेरून टोचले तर हे मरण थांबे. यकृतातील निरीक्षणाला येथे एक नवीन परिमाण मिळाले: हा मृत्यू बाहेरच्या संकेताने सुरू करता येतो आणि रोखताही येतो. करी यांच्या निमंत्रणावरून कर काही काळ ॲबरडीनला गेले आणि तेथे कर, वायली आणि करी या तिघांनी मिळून लेख लिहायला घेतला.

नेक्रोसिसच्या नेमक्या उलट असलेल्या प्रकाराला ‘अमुक नेक्रोसिस’ म्हणणे अडचणीचे होते, म्हणून नवे नाव हवे होते. ते सुचवले त्याच विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी. लेख ऑगस्ट १९७२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि कॉरमॅक यांचे आभार त्यात तळटीप देऊन मानले गेले. विज्ञानातील बऱ्याच संज्ञा शास्त्रज्ञ स्वतःच शब्दकोश चाळून तयार करतात. येथे मात्र भाषेच्या जाणकाराला विचारले गेले, आणि नावाच्या नेमकेपणात ते दिसते.

नाव देताना लेखकांना ‘गळून पडणे’ हीच प्रतिमा का योग्य वाटली?

त्यांच्या लेखाचा मुख्य मुद्दा पेशीविभाजनाशी तोल राखणाऱ्या क्रियेचा होता. ऊतकात पेशी विभाजनाने वाढतात हे सर्वमान्य होते; परंतु प्रौढ शरीरातील ऊतके आकाराने जवळपास स्थिर राहतात, त्याअर्थी तितक्याच पेशी कोठेतरी वजा होत असल्या पाहिजेत. ही वजाबाकी गाजावाजा न होता, एकेका पेशीने, सतत चालणारी असावी लागते. झाड जिवंत असताना पाने गळतात आणि त्याने झाडाला इजा होत नाही, उलट त्याच्या जगण्याचाच तो भाग असतो. नेक्रोसिस या शब्दात असलेला प्रेताचा अर्थ त्यांना टाळायचा होता. ‘नेक्रोस’ म्हणजे ग्रीकमध्ये मृत शरीर.

मग झाडाची पानगळ हीच अपॉप्टोसिस आहे का?

नाही. नाव पानगळीवरून आले असले तरी पानगळ या अर्थाने अपॉप्टोसिस ठरत नाही. देठाच्या बुडाशी पेशींचा एक विशिष्ट थर असतो. तेथे पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे द्रव्य विकरांमुळे विरघळते आणि पान सुटते. वनस्पतींतही ठरवून घडणारे पेशीमृत्यू आहेत, उदाहरणार्थ पाणी वाहून नेणाऱ्या नलिका मृत पेशींच्याच बनलेल्या असतात. पण वनस्पतिपेशीला कडक भित्तिका असते, त्यामुळे तिचे तुकडे होऊन शेजारणीने ते गिळणे शक्य नसते. आणि प्राण्यांमध्ये हे काम करणारी कॅस्पेज विकरेही वनस्पतींत नाहीत, त्यांची फक्त दूरची नातेवाईक विकरे आहेत. म्हणून आज काटेकोर लेखनात अपॉप्टोसिस हा शब्द प्राण्यांपुरताच वापरतात.

१९७२ पूर्वी हे कोणी पाहिलेच नव्हते का?

पाहिले होते, आणि अनेकांनी. १८४२ साली कार्ल फोग्ट यांनी भेकाच्या एका जातीच्या वाढीचा अभ्यास करताना काही पेशी मरून नाहीशा होतात आणि त्यांची जागा दुसऱ्या पेशी घेतात, असे नोंदवले. १८८५ साली वॉल्टर फ्लेमिंग यांनी अंडाशयातील पुटकांमध्ये पेशींची केंद्रके तुटून विरघळताना पाहिली, त्यांची चित्रे काढली आणि या क्रियेला क्रोमॅटोलिसिस असे नाव दिले. पेशीविभाजनाला मायटोसिस हे नाव देणारे फ्लेमिंग हेच. त्यांचे एक नाव जगभर गेले आणि दुसरे विस्मरणात पडले. १९१४ साली लुडविग ग्रेपर यांनी विभाजनाला तोल देणारी अशी क्रिया सर्वत्र असलीच पाहिजे, असा तर्क मांडला, आणि १९५१ साली आल्फ्रेड ग्लुक्समन यांनी पृष्ठवंशीय प्राण्यांच्या भ्रूणावस्थेत पेशी कोठे कोठे मरतात याचा मोठा आढावा घेतला.

असे असूनही प्रत्येक पिढीला ही गोष्ट नव्याने सापडत राहिली, याचे एक कारण नावांचा सुळसुळाट हे असावे. भ्रूणशास्त्रज्ञांचे शब्द वेगळे, विकृतिशास्त्रज्ञांचे वेगळे. पीतज्वराने मेलेल्या रुग्णांच्या यकृतात दिसणाऱ्या गोल गोळ्यांना काउन्सिलमन यांच्या नावाने ओळखत, आणि फ्लेमिंग यांनी अंडाशयात पाहिलेल्या दृश्याशी त्यांचे नाते आहे हे कोणाच्या ध्यानात येण्याचे कारणच नव्हते. कर, वायली आणि करी यांचे श्रेय पहिल्यांदा पाहण्याचे नाही. भ्रूणात, प्रौढ ऊतकात, गाठीत आणि संप्रेरक कमी झालेल्या ग्रंथीत दिसणारे हे सारे एकच आहे, असे त्यांनी म्हटले आणि त्या एकपणाला एक नाव दिले.

अपॉप्टोसिस आणि ‘नियोजित पेशीमृत्यू’ हे समानार्थी शब्द आहेत का?

सर्रास तसे लिहिले जाते, परंतु दोन्हींचा उगम वेगळा आहे आणि अर्थही तंतोतंत जुळत नाही. नियोजित पेशीमृत्यू ही संज्ञा १९६४–६५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड लॉकशिन आणि कॅरोल विल्यम्स यांच्या कामातून आली. रेशमाचा पतंग कोषातून बाहेर पडला की बाहेर येण्यासाठी वापरलेले त्याच्या पोटाचे स्नायू थोड्याच काळात मोडून नाहीसे होतात. विदर्भातला टसरचा किडा ज्या अँथेरिया वंशातला आहे, त्याच वंशातील पतंगांवर हे काम झाले होते. कोणते स्नायू आणि केव्हा मरणार हे संप्रेरकांच्या वेळापत्रकाने आधीच ठरलेले असते, म्हणून ‘नियोजित’.

थोडक्यात, नियोजित पेशीमृत्यू ही संज्ञा पेशी केव्हा आणि का मरते याविषयी बोलते, तर अपॉप्टोसिस ही संज्ञा मुळात ती कशी मरते याविषयी. वाढीच्या वेळापत्रकानुसार मरणारी पेशी प्रत्येक वेळी अपॉप्टोसिसनेच मरते असे नाही. खुद्द त्या पतंगाच्या स्नायूंचे मरण अपॉप्टोसिसच्या ठरलेल्या चित्राशी पुरते जुळत नाही. उलट, किरणोत्साराने जनुकद्रव्य तुटलेली पेशी अपॉप्टोसिसने मरते तेव्हा तिचे ते मरण कोणत्याही वेळापत्रकात नव्हते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे दोन शब्द एकासाठी दुसरा लिहून चालून जाते, पण संशोधनलेख वाचताना फरक ध्यानात ठेवावा.

नेक्रोसिस आणि अपॉप्टोसिस यांतील फरक प्रत्यक्ष कसा दिसतो?

नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंजकांनी रंगवलेली यकृताची काचपट्टी समोर आहे असे समजा. नेक्रोसिसचा भाग शोधावा लागत नाही. तेथे पेशी घोळक्याने मेलेल्या असतात, सुजलेल्या, कडा अस्पष्ट झालेल्या, केंद्रके फिकट पडत चाललेली, आणि भोवती श्वेतपेशींनी गर्दी केलेली असते, कारण फुटलेल्या पेशींतून सांडलेल्या मालामुळे दाह सुरू झालेला असतो.

अपॉप्टोसिस मात्र शोधावी लागते. एकसारख्या, नीट मांडलेल्या यकृतपेशींच्या रांगेत एकच पेशी आपल्या शेजारणींपासून सुटून लहान झालेली, गडद गुलाबी आणि भोवती बारीकशी मोकळी कडा असलेली दिसते. तिच्या केंद्रकाच्या जागी एक किंवा दोन-तीन गडद, गुळगुळीत, जवळजवळ काळे वाटणारे थेंब असतात. कधी पेशी अखंड दिसत नाही, तर शेजारच्या धडधाकट पेशीच्या पोटातच असा एखादा थेंब पटलात गुंडाळलेला सापडतो. म्हणजे गिळण्याचे काम झालेले असते. आजूबाजूला श्वेतपेशींची धावपळ नसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या थेंबाजवळच तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे अवयव) चांगल्या स्थितीत दिसू शकतात, आणि हीच गोष्ट १९७२च्या लेखकांना विशेष बोलकी वाटली होती.

शब्दाचा उच्चार कसा करावा?

मूळ लेखाच्या तळटीपेत लेखकांनी शेवटून दुसऱ्या अक्षरावर आघात द्यावा आणि दुसरा ‘प’ उच्चारू नये, असे सुचवले होते, म्हणजे ‘ॲपोटोसिस’. डोळ्याची वरची पापणी खाली उतरण्याच्या विकाराला डॉक्टर ‘टोसिस’ म्हणतात, त्याच शब्दाशी असलेले नाते उच्चारातूनही दिसावे हा त्यामागचा हेतू. जगाने ही सूचना अर्धीच पाळली. आपल्याकडील महाविद्यालयांत दोन्ही ‘प’ उच्चारून ‘अपॉप्टोसिस’ असेच म्हणतात आणि मराठी लेखनातही हेच रूप रुळले आहे. दोन्ही उच्चार ग्राह्य धरावेत.

नाव १९७२ साली मिळाले, तर विषय गाजू लागला तो १९९०च्या दशकात. मध्ये काय झाले?

मध्ये बराच काळ शांतता होती, कारण चित्रे होती पण हाताळण्याजोगा रेणू नव्हता. आकारावरून केलेले वर्गीकरण जीवरसायनशास्त्रज्ञांना फारसे पटत नसे. १९८० साली वायली यांनी उंदराच्या थायमस ग्रंथीतील पेशींना स्टेरॉइड देऊन त्यांचे डीएनए तपासले, तेव्हा ते कसेही न तुटता सुमारे १८० ते २०० बेसजोड्यांच्या पटीत तुटलेले आढळले. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर त्याचा शिडीसारखा पट्टा उमटतो. डीएनएचा धागा प्रथिनांच्या ज्या गुंडाळ्यांवर लपेटलेला असतो, त्यांतील दोन गुंडाळ्यांच्या मधल्या जागेत कात्री चालवली जाते, असा याचा अर्थ. आता प्रयोगशाळेत दाखवता येईल अशी खूण हाती आली.

खरा पालट घडवला एका पारदर्शक, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीने. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स असे त्याचे नाव. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी त्याला प्रयोगप्राणी म्हणून निवडले आणि जॉन सल्स्टन यांनी जिवंत कृमी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याच्या प्रत्येक पेशीची वंशावळ डोळ्यांनी पाहून लिहून काढली. उभयलिंगी कृमीच्या शरीरात वाढीदरम्यान १,०९० कायिक पेशी तयार होतात आणि त्यांपैकी १३१ पेशी मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१, ठरलेल्या वेळी. प्रौढ कृमीत ९५९ उरतात. एवढा नेमका हिशेब लागल्यावर, मरणारी पेशी मेलीच नाही असे उत्परिवर्तित कृमी शोधणे शक्य झाले.

अमेरिकेत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेने १९८६ साली सीईडी-३ आणि सीईडी-४ या दोन जनुकांविषयी सांगितले: यांपैकी एक बिघडले तरी त्या १३१ पेशी जगतात. पुढे सीईडी-९ हे तिसरे जनुक सापडले, जे उलट मृत्यूला आवर घालते. १९९३ साली सीईडी-३ची रचना वाचली गेली, तेव्हा ती माणसाच्या पेशींतील एका प्रथिनभेदक विकराशी मिळतीजुळती निघाली. तोवर कृमीची म्हणून समजली गेलेली गोष्ट एका रात्रीत माणसाची झाली. या विकरांच्या कुटुंबाला १९९६ साली कॅस्पेज हे नाव मिळाले. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कर यांचे नाव त्यात नव्हते. त्यांना त्याआधी २००० साली हॉर्विट्झ यांच्यासह जर्मनीतील पॉल एर्लिख पारितोषिक मिळाले होते. ज्या कामाने शब्द दिला आणि ज्या कामाने यंत्रणा दिली, त्यांपैकी दुसऱ्याला नोबेल मिळावे हे विज्ञानाच्या रीतीला धरूनच आहे, तरी पहिल्याचे वजन त्यामुळे कमी होत नाही.

पेशीच्या आत ही क्रिया कशी चालते?

कॅस्पेज विकरे पेशीत आधीपासून निष्क्रिय स्वरूपात हजर असतात, म्हणजे मरण्याची तयारी पेशीला आयत्या वेळी करावी लागत नाही. त्यांना जागे करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात संकेत आतून येतो: जनुकद्रव्याला इजा झालेली असते किंवा जगण्यासाठी लागणारे वाढघटक बाहेरून मिळेनासे झालेले असतात. अशा वेळी बॅक्स आणि बॅक ही प्रथिने तंतुकणिकेच्या बाह्य पटलाला छिद्रे पाडतात आणि आतील सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते. श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे, पेशीला ऊर्जा मिळवून देणारे हेच प्रथिन पेशीद्रव्यात आले की मरणाचा हुकूम ठरते, हे १९९६ साली शियाओडोंग वांग यांच्या गटाने दाखवले तेव्हा अनेकांना खरे वाटले नव्हते. सायटोक्रोम-सी अपाफ-१ या प्रथिनाला जाऊन मिळते, त्यातून चाकासारखी एक रचना तयार होते आणि तिच्यावर कॅस्पेज-९ जागे होते.

दुसऱ्या मार्गात संकेत बाहेरून येतो. रोगप्रतिकारक पेशी समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावरील फास यांसारख्या ग्राहीप्रथिनाला स्पर्श करते आणि आत कॅस्पेज-८ जागे होते. दोन्ही मार्ग शेवटी कॅस्पेज-३पाशी मिळतात. ते केंद्रकाच्या आतल्या आधारजाळीला तोडते, डीएनए कापणाऱ्या विकरावरचा लगाम काढते आणि पेशीचा सांगाडा मोकळा करते. दरम्यान फॉस्फॅटिडिलसेरिन हा एरवी पटलाच्या आतल्या बाजूस असणारा मेदरेणू बाहेरच्या बाजूस येतो. भक्षकपेशी तो ओळखतात आणि तुकडे गिळतात; फुटून सांडण्याआधीच आवराआवर झालेली असल्याने दाह होत नाही.

शरीरात याची उदाहरणे कोणती?

गर्भाचे हात सुरुवातीला वल्ह्यासारखे सपाट असतात आणि बोटांच्या मधल्या पेशी मरून बोटे सुटी होतात. हे पुरते झाले नाही तर बाळाची बोटे जोडलेली राहतात. बदकाच्या पायांत या जागी पेशी कमी मरतात, म्हणून पडदा राहतो. भैकेराचा, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाचा, बेडूक होताना थायरॉइड संप्रेरकामुळे शेपटी आटते, तेथेही हाच प्रकार. थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी-पेशींपैकी (या रोगप्रतिकारक पेशी) ९५ टक्क्यांहून अधिक पेशी ग्रंथीतच मरतात, कारण त्या निरुपयोगी तरी असतात किंवा शरीरावरच उलटण्याजोग्या तरी. उन्हात होरपळलेल्या त्वचेतील इजा झालेल्या पेशीही अशाच काढून टाकल्या जातात.

कर्करोगाच्या चर्चेत हा शब्द सतत का येतो?

मूळ लेखच कर्करोगाच्या नियतकालिकात आला होता, आणि त्यामागे एक कोडे होते. त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा या गाठीत विभाजन पावणाऱ्या पेशी भरपूर दिसतात, तरीही गाठ फार सावकाश वाढते. कर आणि त्यांचे ब्रिस्बेनमधील सहकारी जेफ्री सर्ल यांनी याचे स्पष्टीकरण दिले की, एका बाजूने पेशी तयार होतात तशा दुसऱ्या बाजूने मरतातही. म्हणजे गाठ वाढते ती जन्मदर वाढल्याने, मृत्युदर घटल्याने किंवा दोन्हींमुळे.

मृत्युदर घटल्याचा पुरावा १९८८ साली मिळाला. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसीका-कर्करोगात १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले असतात आणि त्यामुळे बीसीएल-२ हे जनुक प्रमाणाबाहेर काम करते. मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स, सुझन कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवले की हे जनुक पेशींची संख्या विभाजनाने वाढवत नाही, ते पेशींना मरू देत नाही. कर्करोगाला कारण होणारे जनुक म्हणजे विभाजन वाढवणारे जनुक, या समजाला हा पहिला ठोस अपवाद होता. १९९२ साली माणसाचे बीसीएल-२ गोलकृमीत घातल्यावर तेथीलही मरणाऱ्या पेशी वाचल्या. कृमीतील सीईडी-९ हे त्याचेच भावंड निघाले.

या धाग्याचे टोक आज औषधापर्यंत आले आहे. वेनेटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ प्रथिनाला बांधून निष्प्रभ करते आणि कर्करोगपेशीला अडवून ठेवलेला मृत्यू मोकळा करते. २०१६ साली अमेरिकेत त्याला एका प्रकारच्या दीर्घकालीन रक्तकर्करोगासाठी मान्यता मिळाली. जुनी केमोथेरपी आणि किरणोपचार यांचाही पुष्कळसा परिणाम अपॉप्टोसिसमार्फतच होतो. इजा झालेल्या पेशीला या मार्गाकडे ढकलणारे पी५३ प्रथिन सुमारे निम्म्या मानवी कर्करोगांत बिघडलेले असते, हे उपचारांना दाद न देण्याचे एक कारण आहे.

मराठीत या शब्दाला काय म्हणावे? ‘पेशींची आत्महत्या’ चालेल का?

लोकप्रिय लेखनात ‘आत्महत्या’ हा शब्द वापरतात, पण तो टाळलेला बरा. त्यात निराशेची छटा आहे आणि कृतीचा कर्ता एकटा आहे असे भासते. प्रत्यक्षात आदेश बऱ्याचदा शेजारच्या किंवा दूरच्या पेशींकडून येतो, आणि अंत्यविधीही शेजारीच उरकतात. ‘नियोजित पेशीमृत्यू’ ही वेगळी संज्ञा असल्याचे वर आलेच आहे. सामान्य वाचकासाठी लिहिताना ‘पेशीगळ’ असे म्हटले तर मूळ ग्रीक अर्थ राखला जातो, तथापि हा शब्द रूढ नाही. तो वापरायचा असेल तर पहिल्या उल्लेखाशेजारी अपॉप्टोसिस लिहावे. शास्त्रीय लेखनात लिप्यंतरित शब्दच ठेवणे सोयीचे आहे.

नेक्रॉप्टोसिस, पायरॉप्टोसिस, फेरॉप्टोसिस हे अपॉप्टोसिसचेच प्रकार आहेत का?

नाहीत, नावे तशी वाटतात एवढेच. अपॉप्टोसिस गाजल्यानंतर ‘-प्टोसिस’ हे शेपूट ‘पेशी मरण्याची ठरलेली रीत’ अशा अर्थाने नव्या नावांना लावण्याची प्रथा पडली. पायरॉप्टोसिस २००१ साली आले, नेक्रॉप्टोसिस २००५ साली आणि लोहावर अवलंबून असलेले फेरॉप्टोसिस २०१२ साली. पहिल्या दोहोंत पेशी चक्क फुटते आणि दाह होतो, म्हणजे अपॉप्टोसिसच्या नेमके उलट. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही नावे ओढूनताणून केलेली आहेत, कारण ‘गळणे’ ही कल्पना त्यांत उरलेली नाही. ऑटोफॅजी तर मृत्यूचा प्रकारही नव्हे. पेशी उपाशी असताना स्वतःचेच घटक पचवून तगून राहते त्या क्रियेला क्रिस्तियाँ द ड्यूव यांनी १९६३ साली दिलेले ते नाव आहे. अशा संज्ञा कोठे वापराव्यात याच्या शिफारशी पेशीमृत्यूच्या नामकरणासाठी नेमलेली एक आंतरराष्ट्रीय समिती वेळोवेळी प्रसिद्ध करते आणि तिचा कल आता आकाराऐवजी रेणूंच्या यंत्रणेवरून प्रकार ठरवण्याकडे आहे.

काचपट्टीवर शंभरात एखादीच पेशी अशी मरताना दिसते. मग एवढे महत्त्व कशासाठी?

कारण प्रेत फार वेळ दिसत नाही. पेशीचे तुकडे होणे काही मिनिटांत उरकते आणि गिळलेले तुकडे काही तासांत पचून ओळखू येईनासे होतात. हिशेबापुरते समजा की एक मरणारी पेशी तीन तासच ओळखता येते आणि कोणत्याही क्षणी शंभरात एक अशी दिसते. दिवसाच्या चोवीस तासांत असे आठ तीन-तासांचे टप्पे बसतात, म्हणजे एका दिवसात शंभरातील सुमारे आठ पेशी गेल्या. विभाजनाने त्या भरून निघाल्या नाहीत तर पंधरवड्यात त्या ऊतकातील दोन-तृतीयांशाहून जास्त पेशी गेलेल्या असतील, आणि तरीही कोणत्याही दिवशी काचपट्टीवर शंभरात एकच दिसत राहील. कर यांना बांधलेल्या शिरांच्या यकृतखंडांत विखुरलेल्या मोजक्याच पेशी मरताना दिसत होत्या, आणि तरी ते खंड आठवड्यांगणिक लहान होत गेले, त्याचे स्पष्टीकरण याच हिशेबात आहे.